ड्रोन, गच्चीची पाहणी आणि फोनमधले होकायंत्र

सचिव, ए-१०२ :
सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या रविवारी गच्चीच्या गळतीची पाहणी चालू असताना ड्रोन काही वेळ पश्चिमेकडच्या मोकळ्या प्लॉटवर गेला आणि तिथे खेळणारी मुले घाबरली, अशी तक्रार दोन सभासदांनी केली आहे. येत्या रविवारी बी विंगची उरलेली पाहणी करायची आहे. त्यापूर्वी नेमके काय झाले आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय केले आहे, हे बी-३०४ यांनी इथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

बी-३०४ :
सचिवसाहेब आणि बी-२०१ च्या वहिनी, जे घडले ते माझ्या हातून घडले, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. मी पार्किंगजवळ अजिंक्यताऱ्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभा होतो आणि ड्रोन माझ्या उजव्या हाताला, बी विंगच्या पश्चिमेकडच्या कठड्याचे फोटो घेत होता. गुलमोहराच्या फांद्यांआड तो दिसेनासा झाला, तेव्हा मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लहान गोल नकाशाकडे पाहिले. त्या गोलाच्या मध्यभागी आपण असतो, गोलाची वरची बाजू म्हणजे आपला फोन ज्या दिशेला रोखलेला आहे ती दिशा आणि त्यातला बाण म्हणजे ड्रोन. तो बाण मला डावीकडे, पाठीमागच्या बाजूला दिसला. ड्रोन ईशान्येकडे भरकटला असे समजून मी त्याला पश्चिमेकडे आणू लागलो, पण तो मुळात पश्चिमेलाच होता, त्यामुळे तो कुंपण ओलांडून प्लॉटवर गेला. तो पुन्हा नजरेस पडताच मी रिटर्न टू होम (ड्रोनला आपोआप परत आणणारे बटण) दाबले आणि जिथून उडाला होता तिथेच तो उतरला.

मूळ दोष ड्रोनमध्ये नव्हता, माझ्या फोनच्या होकायंत्रात होता, हे मला आता खात्रीने सांगता येते. खात्री कशी झाली ते संध्याकाळी लिहितो.

सी-२०१ :
दादा, एक शंका आहे. दिशाच चुकली होती, तर परत येताना ड्रोन बरोबर जागेवर कसा आला?

बी-३०४ :
हा प्रश्न नेमका आहे आणि यातच सगळे उत्तर आहे. या व्यवस्थेत होकायंत्रे दोन असतात. एक ड्रोनच्या अंगात असते आणि ड्रोनचे नाक कुठे वळले आहे ते त्यावरून ठरते. दुसरे फोनमध्ये असते आणि त्यावरून फक्त उडवणारा माणूस कुठे तोंड करून उभा आहे एवढेच अॅपला कळते. परत येताना ड्रोन स्वतःचे जीपीएस, स्वतःचे होकायंत्र आणि उड्डाणाच्या वेळी नोंदलेली जागा एवढ्यावरच चालतो. फोनचे होकायंत्र चुकले तरी त्याचा रस्ता चुकत नाही, चुकतो तो उडवणाऱ्याचा अंदाज. म्हणूनच दिशेचा घोळ दिसला की लगेच ड्रोनचे कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्र पुन्हा जुळवून घेणे, करायला धावू नये. आधी दोघांपैकी चुकते आहे कोण, ते शोधावे. नकाशावर ड्रोनच्या बाणाचे टोक आणि डोळ्यांना दिसणारे त्याचे नाक एकाच दिशेला असेल, तर ड्रोन ठीक आहे आणि दोष हातातल्या फोनचा आहे.

काका, ए-४०१ :
मी भूमापनाच्या कामात अनेक वर्षे प्रिझमॅटिक होकायंत्र (खुणेवर रोखून अंशांत दिशा वाचण्याचे होकायंत्र) वापरले आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. आमच्याकडे या दोषाला स्थानिक आकर्षण म्हणत. जवळ लोखंडी कुंपण असो, विजेची तार असो किंवा खालचा काळा कातळ असो, सुई खरी उत्तर सोडून भलतीकडे ओढली जाते. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, त्यामुळे गडावर काही ठिकाणी चार पावले सरकले तरी वाचन बदललेले मी स्वतः पाहिले आहे. ते पकडण्याची आमची रीत अशी होती. पहिल्या खुणेवरून दुसरीची दिशा वाचायची आणि मग दुसरीवर जाऊन पहिलीची वाचायची. दोन आकड्यांत बरोबर १८० अंशांचे अंतर पडले, तर दोन्ही जागा सहसा निर्दोष धरायच्या. अंतर कमीजास्त आले, तर निदान एका जागी लोखंड आहे असे समजायचे. फोनलाही हीच कसोटी लावून पाहा.

लोखंडाचे हे प्रकरण किती नाजूक असते याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे एकोणिसाव्या शतकापासून होत होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले आणि तिथली इमारत लोखंड टाळून पोरबंदरी दगडात बांधली. आपण मात्र लोहचुंबक फोनच्या पाठीला चिकटवून त्याच फोनला दिशा विचारतो.

बी-३०४ :
काका, तुमचे शेवटचे वाक्य माझ्या बाबतीत शब्दशः खरे ठरले. माझ्या फोनला पाकिटासारखे कव्हर आहे आणि त्याची झडप बंद राहावी म्हणून तिच्यात दोन चपटे लोहचुंबक शिवलेले आहेत. ड्रोन उडवताना मी ती झडप मागे दुमडून फोन रिमोटच्या पकडीत बसवत असे, म्हणजे दोन्ही चुंबक थेट फोनच्या पाठीला टेकत असत. आज चुंबकीय क्षेत्राचा आकडा दाखवणारे एक साधे अॅप घेऊन मी मैदानात गेलो. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र ४२ मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आसपास असते. कव्हर काढलेल्या फोनने ४३ दाखवले आणि झडप मागे दुमडताच आकडा ३१० वर गेला. त्या अवस्थेत मी जागच्या जागी पूर्ण गिरकी घेतली, तरी फोनमधली दिशा ईशान्येच्या आसपासच अडकून राहिली. रविवारी मी दक्षिणेकडे तोंड करून उभा होतो आणि अॅपच्या लेखी ईशान्येकडे पाहत होतो. पश्चिमेचा ड्रोन मला डावीकडे मागे का दिसला, हे तेव्हा उलगडले.

मग कव्हर काढून फोन रिमोटमध्ये बसवला. पकडीचा आणि रिमोटच्या आतल्या भागांचाही थोडा परिणाम होतोच, आकडा ५५ झाला. म्हणून फोन नुसता हातात धरून कॅलिब्रेशन करणे पुरेसे नाही, तो रिमोटमध्ये बसवून, रिमोट चालू ठेवूनच करावे. इंग्रजी आठाचा आकडा हवेत काढायचा असतो, पण बहुतेक जण फोन आडवा धरून नुसता डावीउजवीकडे हलवतात. मनगट वळवून फोनची पाठ, कडा आणि तोंड आळीपाळीने वर-खाली सर्व बाजूंना गेले पाहिजे, कारण फोनला प्रत्येक दिशेची मोजणी मिळाली तरच फोनसोबत फिरणारे चुंबकत्व कोणते आणि पृथ्वीचे कोणते हे त्याला वेगळे करता येते. कव्हरच्या चुंबकाइतका जोर असेल, तर हा उपाय भरवशाचा राहत नाही. चुंबक काढूनच टाकावा लागतो. गाडीत फोन अडकवण्यासाठी मागे लावलेली लोखंडी चकती किंवा चुंबकाची रिंग यांचेही तेच आहे.

सी-२०१ :
दादा, माझ्या ड्रोनच्या बाबतीत वेगळेच होते. चुंबक कुठेही नाही, पण फोन आडवा लावला की दिशा कायम ९० अंशांनी चुकते. मी कुठेही वळले तरी चूक तेवढीच राहते.

बी-३०४ :
मग ते चुंबकाचे काम नाही. चुंबकाची चूक दिशेनुसार कमीजास्त होते. चूक सगळीकडे सारखीच राहिली, तर फोन उभा आहे की आडवा हे अॅपला नीट कळत नाही असे समजावे. स्क्रीनचे ऑटो रोटेट चालू करून, अॅप पूर्ण बंद करून, फोन आधी पकडीत आडवा बसवावा आणि मग अॅप उघडावे. अॅपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का तेही पाहावे. आयफोन असेल, तर लोकेशन सर्व्हिसेसच्या आत सिस्टीम सर्व्हिसेसमध्ये कंपास कॅलिब्रेशनचे बटण चालू असले पाहिजे. चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (उत्तर ध्रुवाची) यांतला फरक आपल्याकडे एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे दोन्हींपैकी कोणती निवडली आहे त्या सेटिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

वहिनी, बी-२०१ :
भाऊजी, तुम्ही स्पष्ट लिहिलेत म्हणून बरे वाटले. पण माझ्या फोनवर गूगल मॅप्समध्ये निळा ठिपका दिसतो, दिशेचा झोत दिसतच नाही. असा फोन कोणी ड्रोनला लावला तर?

बी-३०४ :
वहिनी, काही स्वस्त फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नसतो. तसा फोन लावला तर ड्रोन उडतो, पण उडवणाऱ्याची दिशा अॅपला कळत नाही. अशा वेळी नकाशा उत्तर वर ठेवून लॉक करावा आणि केवळ ड्रोनच्या नाकाचा बाण पाहून उडवावे. खरे तर मीही त्या दिवशी तेच करायला हवे होते, आणि नजरेआड होताच ड्रोन हवेत जागीच थांबवायला हवा होता.

काका, ए-४०१ :
गच्चीवरून उडवणार आहात का? स्लॅबमधल्या सळ्यांचे काय?

बी-३०४ :
नाही काका. सळ्यांमुळे तिथे खुद्द ड्रोनचेच होकायंत्र चुकू शकते, आणि ड्रोनचे कॅलिब्रेशन तर गच्चीवर कधीच करू नये. बागेतल्या हिरवळीवर, गाड्यांपासून दूर, प्लास्टिकच्या स्टुलावरून उडवणार आहे. तुमची कसोटीही आज लावली. गेटवरून पंपघराच्या कोपऱ्याची दिशा १२४ अंश आली आणि पंपघराजवळून गेटची २८१. फरक १५७ आला, कारण पंपाची मोटर शेजारीच आहे. बागेतल्या दोन झाडांमध्ये मात्र ६८ आणि २४९ आले. कॅलिब्रेशननंतर चारही मुख्य दिशांना चूक ५ अंशांच्या आत आहे.

सचिव, ए-१०२ :
खुलासा समाधानकारक आहे. रविवारी सकाळी साडेसातला पाहणी होईल. बागेलगतच्या चार गाड्या शनिवारी रात्रीच हलवाव्यात. उड्डाण चालू असताना ड्रोनकडे सतत पाहण्यासाठी काका बी-३०४ यांच्याजवळ उभे राहतील आणि ड्रोन झाडाआड गेला की मोठ्याने सांगतील. काकांना हे मान्य आहे का?

काका, ए-४०१ :
मान्य आहे. सातलाच येतो, माझे जुने होकायंत्रही घेऊन.