भिंतीत बुजवलेले पाइप: तुमचे अनुभव लिहा

शेजारी स्वयंपाकघराचं काम निघालंय. सकाळी डोकावले तर ओट्यावरच्या भिंतीत पाइप उघडा आणि गवंडीदादा घमेल्यात माल कालवतायत. ओल्या सिमेंटच्या वासाने एकदम बाबा आठवले. आमचा पाइप बुजवायच्या वेळी त्यांनी गवंड्याला थापी खाली ठेवायला लावली होती. सगळे नळ बंद करून पाइपात पाणी भरलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राचा कोरडा कागद लावून पाहिला. एका एल्बोखाली (पाइप वळवणारा जोड) कागदावर इवलासा ओला ठिपका उमटला. तो सांधा बदलला, मगच गिलावा. त्या भिंतीला अजून पोपडा नाही. तुमच्याकडे काय झालं?

----

तडा!! बरोबर पाइपच्या रेषेत. पुट्टी भरली, रंग दिला, पुन्हा तिथेच. गीझरची लाइन होती. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी उलगडून सांगितलं की सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप, गरम पाण्याने लांबतो, गार झाला की आखडतो, आणि गुळगुळीत असल्यामुळे माल त्याला धरत नाही. त्यांनी खाच उघडून पाइप क्लॅम्पने पक्का केला, फोमची नळी चढवली, वरून चिकन मेश. जाळी नुसती पाइपवर नाही, दोन्हीकडे चांगली वीतभर विटांवर नेऊन खिळ्यांनी ताणून बसवली. भिंत भिजवली, माल दोन थरांत. आता हात फिरवला तरी जोड लागत नाही. जाळीशिवाय काम करू देऊ नका, गवंडी कितीही घाईत असला तरी.

----

फोटो काढा फोटो. शेजारी टेप धरून. आमच्याकडे कपाट बसवणाऱ्याने ड्रिल थेट पाइपात घातलं, छतापर्यंत कारंजं

----

अरे देवा 😟 मेन कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. आमच्या सासूबाईंनी असंच एकदा धावत जाऊन बंद केला म्हणून खालच्यांचं घर वाचलं. बाकी सगळे आपले बादल्या शोधत होतो.

----

बांधकामातला आहे म्हणून लिहितो. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून. म्हणजे चार इंची भिंतीत आडवी खाच पाऊण इंचाहूनही कमी. त्यात अर्धा इंची पाइप घातला की वर मालाला जागाच उरत नाही, थर पातळ होतो आणि फुटतो. अशा भिंतीत पाइप वरून उभा खाली आणा. वर निदान अर्धा इंच माल हवा. आणि गिलाव्याला सात दिवस तरी पाणी मारा, इथेच सगळे कंटाळतात. व्हॉल्व्ह आणि आट्यांचे जोड शक्यतो बुजवू नका, झाकण ठेवा.

----

गॅसचा पाइप असेल तर हात लावू नका प्लीज. तो दिसता ठेवतात तो गळती कळावी म्हणून. शोभेसाठी झाकायचा नसतो.

----

ताई, बाबांची आठवण वाचून भरून आलं. माझे वडीलही भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ जागा शोधायचे.

आमचा जुना जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजला, कपाटामागे भिंत काळी पडली तेव्हा कळलं. ओल दिसली की सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळतंय. खूप मनस्ताप झाला, विशेषतः आईला दम्याचा त्रास असल्याने.

----

आई कशा आहेत आता?

----

बऱ्या आहेत, थँक्यू गं. लाइन बाहेरून घेतली नवीन.

----

थोडं अवांतर, ओट्यामागे टाइल्स फिक्या घ्याव्यात की गडद? उद्या ठरवायचंय

----

फिक्या. ओल आली तर सांध्यांत लगेच दिसते. आणि त्याच बॅचच्या थोड्या जास्तीच्या घेऊन ठेव, पाइपसाठी फोडावं लागलं तर नंतर तोच रंग मिळत नाही.