नहर फक्त उतारावर चालत नाही

काहीजण म्हणतात की मध्ययुगात आपल्याकडे देवळं-किल्ले सोडले तर तंत्रज्ञान असं काही नव्हतंच. एकदा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीवर जाऊन या. पाणी काही किलोमीटर दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. शेवटी ते उंच भिंतीत वर चढवून खाली सोडलंय, मूळ झरा त्याहून उंचावर म्हणून हे जमतं. त्या जोरावर चाक फिरे, दळण निघे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, उन्हाळ्यात आत गारवा! त्याआधी खडकी, म्हणजे हेच शहर, १६१० मध्ये वसवणाऱ्या निजामशाहीच्या मलिक अंबरने नहर-ए-अंबरी ही जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली होतीच. वाटेतले बंबे, म्हणजे उभे मनोरे, नळांतली हवा बाहेर काढायला आणि दाब सांभाळायला. आमच्याकडे मात्र आठवड्यातून एकदा नळ येतो, असो.

जुन्या काळाबद्दलच्या समजुतींत पिकांबद्दलही एक दुरुस्ती. सीताफळ रामायणकाळापासूनचं आहे असं म्हणतात, तसं नाही हो. ते मूळचं अमेरिकेतलं, मिरची-पेरूसारखंच. पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पसरलं. पण बालाघाटच्या मुरमाड उतारांवर ते असं रुजलं की बीडच्या सीताफळाला आज भौगोलिक मानांकन आहे. नाव सीतेचं, माहेर अमेरिकेचं.