अनुभव धागा : सभेच्या दुसऱ्या दिवशी

निवडणुका आल्या की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे बाहेरून वक्ते येतात. मैदान भरतं, रात्री दहाला माईक बंद होतो आणि त्यांच्या गाड्या महामार्गाला लागतात. मग दोन दिवस क्लिप फिरते, वाहिन्यांवर भाषणस्वातंत्र्यावर भांडणं होतात. त्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

तेच इथे लिहा. नेता मुसलमानांबद्दल, ख्रिश्चनांबद्दल वाटेल ते बोलून गेला. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ते असाल, नुसते ऐकणारे असाल किंवा टाळ्या वाजवणारे असाल, लिहा. नेत्याचं नाव आणि पक्ष शक्यतो नको, नाहीतर सगळे त्यावरच तुटून पडतात. स्वतःचं नाव तर नकोच. गाव पुरे.

रावेर तालुका, केळीचा धंदा

शेतकऱ्याची बाग ठरवायची, टोळी लावून घड कापायचे, ट्रक भरून दिल्ली-पंजाबकडे पाठवायचे, हे आमचं काम. भाव बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून ठरतो, पण धंदा चालतो तोंडी शब्दावर. माल आज उचलला की पैसे आठ-पंधरा दिवसांनी. वडिलांच्या वेळेपासून असंच.

सभेला मी गेलो नव्हतो. रात्रीच मोबाइलवर आली. 'यांच्याकडून काही घेऊ नका, यांना काही देऊ नका.' सकाळी सातला टोळी घेऊन एका आबांच्या बागेत पोचलो. चौदा वर्षं त्यांची बाग आम्हीच कापतो. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला मी होतो. आबा बांधावर उभे होते. म्हणाले, "या वेळी रोख दे बरं."

मी म्हटलं, आबा, पावणेतीन लाखांचा माल, सकाळी सातला रोख कुठून आणू? ते पायाकडे बघत बोलले, "तुले नाई म्हटलं रे त्यानं. तू आपला आहे. पोरगं ऐकत नाही." पोरगं पंपाच्या खोलीपाशी मोबाइल बघत बसलं होतं. मान वर केली नाही.

इकडून तिकडून दीड लाख उसने आणले, बाकीचे संध्याकाळी दिले. टोळीत बारा माणसं, त्यातली आठ हिंदू. तीन तास बांधावर बसून राहिली, ट्रक अर्धाच भरला, मजुरीही तेवढीच मिळाली. पुढच्या खेपेला आबांनी बाग पुन्हा उधारीवर दिली, मीही कापली. पण आता वहीत दोघांच्या सह्या होतात. चौदा वर्षं त्या वहीची गरज पडली नव्हती.

यावल तालुका, शिक्षिका

आमच्या शाळेत सातपुड्याच्या पायथ्याची तडवी मुलं येतात. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, तडवी भिल्ल हे धर्माने मुसलमान आणि अनुसूचित जमातीत मोडणारे आदिवासी. अनुसूचित जमातीला धर्माची अट नसते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एकाने बाकावरच्या तडवी मुलाला 'घुसखोर' म्हटलं. आदल्या रात्री मंचावरून हाच शब्द आला होता. मुलांना त्याचा अर्थ धड माहीत नव्हता, पण कोणाला म्हणायचं ते बरोबर कळलं होतं.

मी रागावले नाही. फळ्यावर प्रत्येकाच्या आजोबांचं गाव लिहायला लावलं. म्हणणाऱ्याचे आजोबा गुजरातेतून आलेले निघाले. तडवी मुलाचे याच तालुक्यातले, त्यांचेही आजोबा इथलेच. वर्ग हसला. मला वाटलं, जिंकले.

मधल्या सुट्टीत तो तडवी मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, माझे आजोबा बाहेरून आले असते तर तो शब्द चालला असता का?" चार वर्षं झाली, मी अजून त्यावर अडकले आहे.

धुळे

सगळे एका सुरात बोलतील म्हणून उलट लिहितो. बोलू द्या त्यांना. तोंड धरायचा हक्क सरकारला दिला की पहिलं तोंड गरिबाचं धरतात. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. ते माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं, तरी बाकी कलमं आहेतच.

माझ्या भाच्याने एक स्टेटस ठेवलं. कुठल्या बाजूचं ते सांगत नाही, तुम्ही लगेच न्यायाला बसाल. संध्याकाळी त्याला उचललं, कोर्टात गेल्यावर जामीन झाला, पण गॅरेजवाल्याने कामावरून काढलं ते काढलंच. त्याच आठवड्यात त्याहून दहापट वाईट बोलणाऱ्याला गावात शाल-श्रीफळ मिळालं. कायदा कडक करा म्हणणाऱ्यांनी आधी तो कोणावर चालतो ते बघा.

जळगाव जिल्हा, निवृत्त पोलीस

वरच्या भाऊंचं बरंचसं खरं आहे.

मी गोपनीय शाखेत होतो. सभेत साध्या कपड्यात उभं राहायचं, कॅमेरा स्टँडवर, वही हातात. वक्त्याला आधी नोटीस द्यायची, की भडकाऊ बोलू नका. पूर्वी ती कलम 149 ची होती, आता 168 ची. वक्ता सही करतो आणि मंचावर चढून पहिलं वाक्य टाकतो, "मला पोलिसांनी नोटीस दिलीय!" सगळ्या भाषणातली मोठी टाळी तिथेच. नांदी आम्हीच लिहून दिल्यासारखं.

समाजासमाजांत वैर पसरवण्याचं पूर्वीचं कलम 153अ आता भारतीय न्याय संहितेत 196 झालं, मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याच्या 295अ चं 299. 1 जुलै 2024 पासून हे लागू आहे. 28 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की कोणी तक्रार करायची वाट बघू नका, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका, स्वतःहून गुन्हा नोंदवा. टाळाटाळ केली तर न्यायालयाचा अवमान धरू. त्यानंतर गुन्हे नोंदवलेही जातात. सप्टेंबर 2024 मध्ये आमदार नितेश राणे यांच्यावर अहिल्यानगर जिल्ह्यात दोन नोंदवले गेले.

पण गुन्हा नोंदवणं ही पहिली पायरी. या कलमांखाली न्यायालयाला खटल्याची दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. स्टेटसवाल्या पोराचा त्रास अटकेपासूनच सुरू होतो, मंजुरी मिळो न मिळो. नेत्याला बहुधा अटकच नसते, त्यामुळे त्याचं सगळं मंजुरीवर येऊन थांबतं. आणि मंजुरी देणारे कोण, हे सांगायला नको. मी तयार केलेल्या एका प्रस्तावाचं उत्तर मी निवृत्त होईपर्यंत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसाचं विचारलंत म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी भाषणाचा उतारा काढायचा असतो, शब्दाला शब्द. आमच्याकडे मराठी टायपिंग चांगलं असणारा एकच जण, तो मुसलमान. कानाला हेडफोन लावून तो स्वतःच्या समाजाला दिलेल्या शिव्या टाइप करत होता. मध्येच थांबून मला म्हणाला, "साहेब, हा शब्द ऱ्हस्व का दीर्घ?" मी सांगितलं. त्याने दुरुस्त केला आणि पुढे टाइप करत राहिला.

धुळे शहर, गृहिणी

नाव-पक्ष नको म्हटलंय, पण माझा अनुभव त्याशिवाय सांगता येत नाही. 2024 च्या लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या. भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते, मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने सगळं फिरवलं. हे आकडे सांगत देवेंद्र फडणवीस यांनी 'व्होट जिहाद' शब्द वापरला आणि तो राज्यभर झाला.

निकालावर बोलायचा त्यांना हक्क आहे. एका समाजाने एकगठ्ठा मत दिलं असंही म्हणा, बाकीचे समाज देतात तेव्हाही म्हणा. पण 20 मे च्या त्या उन्हात मी दोन तास रांगेत उभी होते, अब्बांना डाव्या हाताला धरून. माझ्या पुढे एक पाटील काकू होत्या, मागे सोनार ताई. एकमेकींच्या बाटलीतलं पाणी प्यायलो. काकूंनी तो शब्द टीव्हीवर ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी हसत विचारलं, "काय गं, तूही केलास का?" मस्करीच होती. मी कोणाला मत दिलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मात्र गाडीपाशी उभी राहून मी ते काकूंना सांगून टाकलं. घरी येऊन स्वतःचाच राग आला.

(धागाकर्ता : जाहीर नोंदीतलं आहे, म्हणून नावं ठेवतो.)

नवापूर

आम्ही मावची आदिवासी, घरात चर्च आहे. 2025 च्या जूनमध्ये सांगलीकडे एका आमदाराने धर्मगुरूंना मारणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर केलं. सांगली इथून किती लांब! तरी पुढच्या रविवारी आमचे पास्टर मोटारसायकल सोडून एसटीने आले. गाडीवर क्रॉसचं स्टिकर होतं. नंतर ते खरवडून काढलं, त्याचा चिकटपणा अजून आहे, त्यावर धूळ बसून क्रॉसच दिसतो.

धुळे, जुनं गाव

आमच्याकडचेही बोलतात, तेही लिहायला हवं. आमच्या एका नेत्याच्या सभेत मी शिट्ट्या मारल्यात. तो हिंदूंबद्दल जे बोलला ते इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी ज्या अण्णांकडे मी कामाला जायचो, त्यांनी चहा दिला, नेहमीसारखा. काही बोलले नाहीत. मी मोबाइल उलटा ठेवला, कारण त्यात माझाच व्हिडिओ होता, शिट्टी मारतानाचा, आणि अण्णा त्याच ग्रुपवर होते.

आमच्या इथे खुनी मशिदीसमोर गणपतीची पालखी थांबते, आमची माणसं फुलं टाकतात, आरती होते. जुन्या दंगलीवरून मशिदीला आणि गणपतीला तेच नाव पडलंय. त्या वर्षी मी फुलं घेऊन गेलो, पण मागे उभा राहिलो. अण्णा पालखीसोबत होते. त्यांनी हाक मारली, "इकडे ये ना भो, तू ते आपलाच शे." वरच्या केळीवाल्या भाऊंना हे वाक्य जसं लागलं तसं मलाही लागलं, पण माझं कारण वेगळं होतं.

धागाकर्ता, पारोळा तालुका

बरेच दिवस दुसऱ्यांचे वाचतोय, आता माझा लिहितो.

एका सभेची व्यवस्था माझ्याकडे होती. मंडप, खुर्च्या, साउंड. वक्ता विनोदी होता. दाढी-टोपीवर, चार बायकांवर त्याने असे काही टोले मारले की मी पोट धरून हसलो. हसतानाच मंचाच्या बाजूला लक्ष गेलं. साउंडवाल्याचा मुलगा वायरीच्या बंडलावर बसला होता. दर वर्षी खुर्च्या त्यांच्याच असतात, माईकही त्यांचाच. वक्त्याचा आवाज फाटत होता, म्हणून त्याने हात पुढे करून बटण थोडं फिरवलं. आवाज स्वच्छ झाला.

दुसऱ्या दिवशी बिल द्यायला गेलो. चाचांनी खुर्च्या मोजल्या होत्या, तीन मोडलेल्या, त्यांचे वेगळे लावले होते. मी घासाघीस केली नाही, एरवी करतो. पावतीवर तारीख, खुर्च्या, साउंड, सगळं त्यांच्या वळणदार मराठी अक्षरात होतं. कार्यक्रमाचं नाव लिहायची एक ओळ छापलेली असते. ती कोरी होती.