मदत हवी आहे: डुकराचे मांस न घातलेले जाजांगम्यन कोरियात कसे मागवावे?

नमस्कार. आम्ही नवरा-बायको सुवॉनला राहतो. पुढच्या महिन्यात माझे आईवडील येत आहेत आणि कोरियन धाटणीचे चिनी जेवण त्यांना एकदा तरी पोटभर खाऊ घालावे, अशी माझी फार इच्छा आहे. दोघेही कोंबडी, मासे, अंडी आवडीने खातात. डुकराचे आणि गाईचे मांस मात्र त्यांना अजिबात चालत नाही. चौघांचे जेवण साधारण ४०,००० वॉनमध्ये बसावे, म्हणून गल्लीतल्या साध्या चिनी खाणावळीतच जायचे ठरवले आहे.

जाजांगम्यन म्हणजे काळा रस्सा घातलेल्या नूडल्स. त्या रश्शात कांदा, बटाटा यांच्याबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात आणि काही ठिकाणी चुन्जांग, म्हणजे रश्शाची ती काळी पेस्ट, डुकराच्या चरबीतच परततात. हा रस्सा एकदम मोठ्या प्रमाणावर करून ठेवलेला असल्यामुळे त्यातून मांस वगळायला सांगून उपयोग नसतो. कान्जाजांग या त्याच्याच ताज्या केलेल्या प्रकाराचे तसे नाही. आमच्या घराजवळच्या खाणावळीत स्वयंपाकघर समोरच दिसते. तेथे ऑर्डर आल्यावर आचारी मोठ्या आचेवर कांद्याचे जाड चौकोनी तुकडे परततो, त्यात चुन्जांग घालतो आणि स्टार्चचे पाणी न घालता तो रस्सा नूडल्सपासून वेगळ्या वाटीत देतो. मग कान्जाजांग मांसाशिवाय आणि साध्या तेलात करून द्या, अशी विनंती तेथे मान्य होते का? ती कोरियन भाषेत नेमकी कोणत्या शब्दांत करावी?

चाम्पोंगमध्ये, म्हणजे तिखट रश्शातल्या नूडल्समध्ये, शिंपले आणि माकुल असल्यामुळे वडिलांना ते नक्की आवडेल. पण त्यातही बरेचदा डुकराचे मांस असते, असे ऐकून आहे. थांगसुयुक, म्हणजे गोड-आंबट रश्शातले तळलेले मांस, तर डुकराचेच, त्यामुळे दोन वाट्या नूडल्स आणि थांगसुयुकचा स्वस्त सेट आमच्या कामाचा नाही. त्याऐवजी कानपुंगी, म्हणजे तिखट चवीची तळलेली कोंबडी, घेतली, तर वरील रकमेत भागेल का?

१८८३ साली बंदर खुले झाल्यावर शांतुंग प्रांतातले चिनी लोक ज्या इंचनमध्ये येऊन स्थायिक झाले, तेथील चायनाटाउनही आईवडिलांना दाखवायचे आहे. सुवॉनहून थेट मेट्रो जाते आणि जुन्या कोंगह्वाचुन उपाहारगृहाच्या इमारतीत जाजांगम्यनचे संग्रहालयही आहे. मात्र पर्यटकांच्या गर्दीत अशी विनंती कोण ऐकणार, ही शंका वाटते. ज्यांनी तेथे किंवा सुवॉनमध्ये अशा अटी सांगून जेवण केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.