भाजीच्या वाडीसाठी माती-सल्लागार: आधी फावडं की आधी रिपोर्ट?

वाफेकरी
वसईच्या वाड्या, उत्तन, आरेतले पाडे, रुळांच्या कडेचे पालक-माठाचे वाफे. मुंबईच्या आसपास भाजी पिकते ती पाच-दहा गुंठ्यांत. या लोकांना मातीबद्दल सल्ला देणारी माणसं तयार करायची म्हटलं की आपल्याकडे हॉल बुक होतो, पीपीटी लागते आणि मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे सरकारी माती-तपासणीचा रिपोर्ट, कशी वाचायची ते शिकवतात. माझं म्हणणं, निम्मे तास बांधावर घालवा.

ती पत्रिका बागायतीत 2.5 हेक्टरच्या चौकटीतून घेतलेल्या एका नमुन्यावर निघते, म्हणजे जवळपास 250 गुंठे. आठ गुंठेवाल्याला त्यातून स्वतःच्या वाडीबद्दल काय कळणार?

त्यापेक्षा 20 सेंमी लांब-रुंद-खोल ढेकूळ काढायला शिकवा. गांडुळं मोजा, मुळं कुठे आडवी वळलीत ते बघा. मग 15 सेंमी व्यासाचा पाइपचा तुकडा मातीत ठोकून त्यात 440 मिली पाणी ओता, म्हणजे अडीच सेंमी पाणी. ते मुरलं की तेवढंच पुन्हा ओता आणि वेळ दुसऱ्याची धरा. पहिलं पाणी कोरडी माती नुसतीच पिऊन टाकते. रेताड वाडीत दुसरं पाणी तासभर उभं राहिलं, तर माती दाबली गेली आहे. तिथे 19:19:19 या विद्राव्य खताची पुडी देणारा सल्लागार नापास.

दापोलीमार्गे
फावड्याला विरोध नाही, पण फावडं खोटंही बोलतं. कोरडं ढेकूळ पाण्यात टाकून विरघळतंय का बघायची चाचणी हल्ली सगळे शिकवतात. काळ्या मातीत ठीक आहे. आपल्या जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं कणांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ नसला तरी ढेकूळ छान टिकतं. सल्लागार खूश, माती उपाशी. तीच लोह-ॲल्युमिनियमची संयुगं स्फुरद (फॉस्फरस) अडकवून ठेवतात. ते फावड्याला दिसत नाही, प्रयोगशाळेलाच दिसतं.

पत्रिकेची चौकट मोठी असेल तर वाडीचा वेगळा नमुना द्या की. आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत, 15 सेंमी खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची पातळ चकती काढायची, सगळं मिसळायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायचं. गोची होते ती इथेच: खताच्या रिकाम्या गोणीत माती भरतात, नाहीतर नुकतंच शेणखत पडलेल्या वाफ्यातून घेतात, आणि मग रिपोर्टमध्ये पालाश (पोटॅश) आभाळाला भिडतो.

दुसरं म्हणजे क्षारतेचा आकडा. प्रयोगशाळा साधारणपणे पातळ द्रावणात मोजते, पुस्तकातली "4 च्या वर खारट" (डेसिसीमेन प्रति मीटर) ही मर्यादा मात्र संपृक्त चिखलाच्या अर्काची आहे. पातळ द्रावणातला 1 बघून "काही नाही" म्हणणारा सल्लागार क्षार न सोसणारा घेवडा जाळून बसतो. आणि आम्ल मातीला जिप्सम सांगणारे तर हमखास भेटतात. जिप्समने सामू (pH) वाढत नाही हो, चुना लागतो. तोही लागवडीआधी तीन-चार आठवडे, युरिया किंवा शेणखतासोबत नाही, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडतं.

नाल्याकाठी
दोघेही मातीतच खेळताय. मुंबईत प्रश्न पाण्याचा आहे. पत्रिकेवरच्या 12 घटकांत कॅडमियम नाही, शिसं नाही, म्हणजे विषारी धातूच नाहीत. पालेभाजी कॅडमियम पटकन उचलते, आणि वाफ्याला पाणी नाल्याचं असेल तर गांडुळं मोजून काय दिवे लावणार? सल्लागाराला आधी "इथे पालक नको" म्हणायला शिकवा. चुना घालून सामू 6.5 च्या वर नेला तर कॅडमियम पिकाला कमी मिळतं, पण ते मातीतच राहतं, हेही सांगायला हवं.

शहरी कंपोस्टचंही तेच. खत नियंत्रण आदेशात किलोमागे कॅडमियम 5 मिग्रॅ आणि शिसं 100 मिग्रॅ ही कमाल मर्यादा आहे. गोणी घेण्याआधी विश्लेषणाचा कागद मागा. कागद नाही, तर गोणी नाही.

गुंठामंत्री
सातबारा कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारलं का? अकरा महिन्यांच्या करारावर वाडी कसणारा माती का सुधारेल? ढोबळ हिशोबच करू. एका गुंठ्यात 15 सेंमीपर्यंत साधारण 22 टन माती. सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.1 टक्का वाढवायचा तर 22 किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. 250 किलो शेणखतात पाणी वजा जाता 35-40 किलो कर्ब, आणि आपल्या उष्ण-दमट हवेत त्यातला बहुतेक वर्षभरात उडून जातो. म्हणजे 0.1 ला दोन-तीन वर्षं लागणार, तीही दुसऱ्याच्या जमिनीवर. वर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा म्हणणारेही आहेत! 45 दिवसांत पालकाची कापणी होऊन पैसे हातात येतात.

वाफेकरी
@गुंठामंत्री हिशोब बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. जुलैत पालक कुजतोच, बरेच वाफे रिकामे असतात. तेव्हाचे 45 दिवस फुकटच आहेत. फक्त पाणी साचणाऱ्या किंवा खारट वाफ्यात ताग नको, धैंचा. गुंठ्याला अर्धा किलो बी, फुलोऱ्याआधी गाडा आणि पेरणीला दोन-तीन आठवडे थांबा. लगेच पेरलंत तर कुजणारा पाला रोपांना त्रास देतो. खरा फायदा कर्बाचा नाहीच, पुढच्या पिकाला युरिया कमी लागतो हा आहे, आणि तो भाडेकरूलाही त्याच वर्षी मिळतो.

गोणी_आणि_गिऱ्हाईक
सल्लागार सल्लागार काय करताय, सल्ला आजही काउंटरवरच मिळतो. खत-बियाणं विकणाऱ्या दुकानदारांसाठी 48 आठवड्यांची, आठवड्यातून एकच दिवस चालणारी देसी पदविका आहे, तिच्यातच हे सगळं घाला. कृषी सखींचं, म्हणजे गावातच सल्ला देणाऱ्या प्रशिक्षित बायकांचं, प्रशिक्षण 56 दिवसांचं. दिवसांत फारसा फरक नाही, पण शेतकरी दुकानदाराकडेच येतो.

दापोलीमार्गे
@गोणी_आणि_गिऱ्हाईक शिकवा जरूर, पण "यंदा डीएपी नको" हे वाक्य त्याच काउंटरवरून येईल का? वर्षानुवर्षं डीएपी पडलेल्या वाडीत स्फुरद भरपूर असतो, त्यात 46 टक्के स्फुरदवाली डीएपीची गोणी पुन्हा ओतली की पिकाला जस्त कमी पडतं, मग जस्ताची पुडी विकायची. सखी परवडली, तिला कमिशन तरी नाही.

@नाल्याकाठी पाण्याचं मान्य. अभ्यासक्रमात पहिली चाचणी पाण्याचीच ठेवा. खिशातल्या मीटरने विहीर आधी पावसाळ्यानंतर आणि मग मे महिन्यात तपासायची. क्षारता दोन्ही वेळा 0.7 च्या आत असेल तर पुढे फावडं. मे महिन्यात 2-3 गेली, तर घेवडा सोडून द्या, पालक घ्या, आणि पावसात बांध घालून क्षार धुऊन काढा. आणि फावड्यानंतर रिपोर्ट, @वाफेकरी, हे काही मी सोडत नाही.