मदत हवी आहे: गृहपाठाच्या कोडमध्ये किती मदत करावी?

मंडळी, जरा पेचात आहे. ओळखीतला एक विद्यार्थी दर आठवड्याला कोड पाठवतो आणि खाली एकच ओळ लिहितो: ‘चालत नाहीये, उद्या सबमिट करायचंय.’

परवा बायनरी सर्च होतं, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधला घटक बघून अर्धी यादी सोडत शोधायचं. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, थांबतच नव्हता. (‘लो’ आणि ‘हाय’ ही शोधायच्या भागाची दोन टोकं, ‘मिड’ ही मधली जागा.) चूक मला लगेच दिसली: ‘लो = मिड + १’ हवं तिथे त्याने ‘लो = मिड’ लिहिलं होतं. दोनच घटक उरले की भागाकारात अपूर्णांक गळतो, मिड पुन्हा लोइतकाच येतो आणि गाडी तिथेच फिरत राहते. (त्याला हसण्यात अर्थ नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संचातल्या) बायनरी सर्चमध्येही बेरीज ओव्हरफ्लो होण्याची, म्हणजे आकड्याच्या मर्यादेबाहेर जाण्याची, चूक वर्षानुवर्षे होती, तिचा बोभाटा २००६ मध्ये झाला.)

मी दुरुस्त ओळ न देता म्हटलं, ‘दोन घटकांचा अ‍ॅरे घे, प्रत्येक फेरीत लो, हाय, मिड कागदावर लिही.’ तर साहेब रुसले! ‘सांगायचं नसेल तर तसं सांगा.’

सरळ उत्तर दिलं तर मार्क माझ्या कोडला मिळणार, हे कळतं. पण रात्री अकराला अडकलेल्या पोराला कोडी घालणंही मला जरा क्रूरच वाटतं. आपणही कधीतरी कुणाचा तरी कोड बघूनच शिकलो ना?

तुम्ही रेघ कुठे ओढता? आधी त्याचा प्रयत्न बघायला मागता का? त्याच धर्तीचं दुसरं उदाहरण सोडवून दाखवल्याचा कुणाला उपयोग झालाय का? आणि मुदत संपल्यावर पूर्ण उत्तर समजावून द्यावं का?