वाड्यातल्या बोअरचं पाणी

विलासकाका: बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला. फ्लोराइड 3.2 लिहिलंय. ऋतुजा, हे किती म्हणायचं?

ऋतुजा: काका, लिटरमागे 3.2 मिलिग्रॅम. आपल्या मानकात 1 पर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 1.5. यवतमाळ जिल्ह्यात असे बोअर बरेच आहेत, पण म्हणून आपण पीत राहायचं नाही.

शोभाकाकू: मग उकळून पिऊ का? चिन्मयच्या दातांवर पिवळे पट्टे आलेत. नीट घासत नाही म्हणून मी रोज रागावते त्याला.

ऋतुजा: काकू, उकळू नका. वाफ पाण्याची होते, फ्लोराइड भांड्यातच राहतं, उलट वाढतं. आणि चिन्मयला रागावू नका. पक्के दात हिरडीत तयार होत असतानाच जास्त फ्लोराइडने हे पट्टे पडतात. घासून जात नाहीत.

संदीपदादा: अंड्याची टरफलं, तुसाची राख, मोसंबीची सालं आणि जिवाणू वापरून फ्लोराइड काढतात असं वाचलं. हे तर फुकटच मिळतं. माठात टाकून बघायचं?

ऋतुजा: दादा, फुकट मिळतं म्हणूनच त्यावर एवढं संशोधन चालू आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. टरफलात कॅल्शियम असतं, ते फ्लोराइडला बांधतं. राखेच्या, सालीच्या बारीक छिद्रांत फ्लोराइड अडकतं. त्यावर ॲल्युमिनियमसारखा धातू चढवला की पकड वाढते. त्याच सालीवर जिवाणू वाढवले की काही फ्लोराइड तेही धरतात. युरिया फोडणारे जिवाणू तर पाण्यातलं कॅल्शियम चुनखडीसारखं खाली बसवतात, त्यात फ्लोराइड गुंतून बसतं.
पण प्रयोगशाळेत पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता (pH), हवा तसा ठेवता येतो. आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट हा क्षार असतो, तो फ्लोराइड धरण्याच्या मधे येतो. जिवाणूंतून आलेलं पाणी निर्जंतुक करावं लागतं. फ्लोराइडने भरलेली साल परसात फेकली तर फ्लोराइड परत मातीत. माठात चार टरफलं टाकून 3.2 चं 1 होत नाही, आणि आपण मात्र निर्धास्त होऊ. मला त्याचीच भीती वाटते.

विलासकाका: तुरटी?

ऋतुजा: तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचीच. चालते, पण प्रत्येक पाण्याला तुरटीचं माप वेगळं. घरच्या अंदाजाने नको, जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं.

विलासकाका: आई म्हणून राहिली, जुन्या विहिरीचं पाणी पीत होतो तेव्हा कोणाचे गुडघे असे धरले नव्हते.

ऋतुजा: जास्त फ्लोराइडने सांधेही धरतात, आजीचं म्हणणं तपासून बघू. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुतेक कमी असतं. बोअरचं पाणी खोल खडकात वर्षानुवर्षं राहिलेलं असतं. विहिरीचं चांगलं निघालं तर प्यायला आणि स्वयंपाकाला तेच, क्लोरीन टाकून. डाळ-भातही बोअरच्या पाण्यात शिजवू नका. आंघोळ, धुणं बोअरवर चालेल.

विलासकाका: उद्या सकाळीच नमुना भरतो.

ऋतुजा: प्लास्टिकच्या बाटलीत भरा काका, काचेच्या नको. फ्लोराइड काचेशी लागतं. बाटली आधी त्याच पाण्याने दोनदा विसळा.